भुशाच्या गाद्या

"हे बाहेरचं जनावर आहे, वहिनी. याला भिंतीत कोंडू नका."

मशीन विकताना जुन्या मालकाने एवढंच सांगितलं, आणि इंजिनच्या टाकीवर असा हात फिरवला जसा काही लेकीला सासरी पाठवतोय. मी नवऱ्याकडे बघून डोळे मोठे केले. येताना गाडीत आम्ही त्या वाक्यावर पोट धरून हसलो. पुढे कित्येक दिवस नवरा मशीनवर ताडपत्री टाकताना म्हणायचा, "जनावराला पांघरूण घातलं बरं का." का कोंडायचं नाही, हे विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

आरामशीन म्हटलं की लोकांना मोठी वखार आठवते. आमची तशी नव्हे. दोन लांब लोखंडी रूळ, त्यांवर ओंडका आडवा ठेवायचा आणि शिकंज्यात आवळायचा. रुळांवरून एक गाडा पुढेमागे सरकतो. त्या गाड्यावर पेट्रोलचं इंजिन आणि दोन चाकांवरून फिरणारं, पट्ट्यासारखं लांब पातं. गाडा ढकलला की पातं ओंडक्यातून आडवं जातं आणि वरची फळी सुटते. मग हँडल फिरवून गाडा खाली घ्यायचा, पुन्हा ढकलायचा. काम संपलं की सगळं चाकांवर चढवून गाडीमागे जोडायचं. ज्याच्या अंगणात झाड पडलं, त्याच्या अंगणात आम्ही.

ढकलायचं काम नवऱ्याचं, हँडल माझं. एक इंचाची फळी हवी असेल तर गाडा इंचभर आणि शिवाय पात्याने खाल्लेला भुसा, इतका खाली घ्यावा लागतो. हा हिशेब मला झोपेतही चुकत नसे. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले, आणि माझ्या माहेरच्यांच्या मते त्या पदवीचा झालेला हा एकमेव उपयोग. सासूबाईंसमोर मी नवऱ्याला अहो म्हणते, मशीनवर अरे. इंजिनच्या आवाजात अहो पोचत नाही.

ठकी झाली तेव्हा आम्ही काम घरी आणलं. ठकी म्हणजे आमची मुलगी. कागदावर तिचं नाव भारदस्त आहे, पण त्या नावाने तिला अजून कुणी हाक मारलेली नाही. घरामागे, स्वयंपाकघराला लागून, पत्र्याचं छप्पर होतं. तिन्ही बाजू मोकळ्या. तिथे मशीन उभं केलं. ओंडके ट्रकने येऊन पडायचे, फळ्या सुतार घेऊन जायचा, आणि मी मधल्या दारातून आत येऊन ठकीला पाजून परत जायची. सगळं फार सोयीचं होतं. मला फार सोयीच्या गोष्टींची भीती वाटते, पण तेव्हा तेवढी सवड नव्हती.

पहिली तक्रार आली शेजारच्या शिकवणीच्या बाईंची. त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि बोलल्याच नाहीत. इंजिन बंद होईपर्यंत नुसत्या ओठ हलवत राहिल्या. इंजिन बंद झाल्यावर म्हणाल्या, "मी मुलांना काल अशीच शिकवत होते."

नवऱ्याने दोन बाजूंना पत्रे ठोकले. आवाज कमी व्हायच्या ऐवजी डबा वाजवल्यासारखा वाढला. ठकी दचकून रडायची. मग मदतीला धावला समोरचा गादीवाला. हा माणूस कापूस पिंजताना सतत बोलत असे, त्यामुळे त्याच्या बोलण्यातही कापूस उडतोय असं वाटायचं. तो शेडमध्ये आला, भुशाच्या ढिगाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, आवाजाला काय लागतं? झोपायला गादी. तुमच्याकडे भुसा, माझ्याकडे जुन्या खोळी. घालू झोपवून."

त्याने खोळी शिवून दिल्या. आम्ही त्यांत भुसा ठासून भरला आणि त्या गाद्या पत्र्याला आतून उभ्या बांधल्या. आवाज खरंच निम्मा झाला. मग नवऱ्याला चेव आला. प्रत्येक ओंडका कापला की त्याच्या भुशाची नवी गादी. तिसरी बाजू झाली, तिला अंगणाकडे उघडणारं दार. छपराखालची फट झाली. दाराला आतून गादी झाली. जितकं काम करू तितकी शेड मऊ होत गेली. शेवटी दार लावलं की बाहेर नुसती गुणगुण. शिकवणीच्या बाईंनी वाटीभर साखर पाठवली. गादीवाला दोन-दोनदा येऊन कान लावून जायचा. "मी पण करणार हे," म्हणायचा, "माझं जनरेटर बायकोपेक्षा जास्त बोलतं."

"सांगू का तिला?" नवऱ्याने विचारलं.

"सांगा की. ऐकू कुठे जाणार आहे तिला, जनरेटर चालू असतं ना!"

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ठकी झोपायला लागली. तिचा पाळणा स्वयंपाकघरात, शेडच्या भिंतीशी होता. आम्ही काम सुरू केलं की ती झोपायची ती दुपार करायची. सासूबाई येईल त्याला सांगायच्या, "गुणी झाली हो माझी नात. आईवर नाही गेली."

मग फळ्या चुकायला लागल्या.

सुताराने एक दिवस अख्खी खेप परत आणली. दोन फळ्या उचलून माझ्यापुढे धरल्या. "वहिनी, हे दार आहे आणि हे पोस्टकार्ड. मला टेबल करायचंय."

मी पट्टी लावून बघितली. एक दीड इंच, एक अर्धा. एकाच ओंडक्याच्या, लागोपाठच्या. हँडल मीच फिरवलं होतं. का एकदा जास्त फिरवलं होतं? का एकदा कमी? मला आठवेना. म्हणजे विसरल्यासारखं नव्हतं. आठवायला गेलं की तिथे जागाच रिकामी असायची.

त्या दिवसांतलं आमचं मशीनवरचं बोलणं असं :

"फिरवलंस का?"

"फिरवलं."

"मी की तू?"

"मी तर ढकलतोय."

"मग मी."

"मग फिरव की."

"अरे, फिरवलं ना?"

आणि दोघंही ओंडक्याकडे असे बघत उभे, जसा काही तोच सांगणार आहे.

डोकं दुखायचं. ओल्या लाकडाचा वास, थोडा धुराचा, आणि डोळ्यांमागे कुणीतरी बोट दाबून धरल्यासारखं. मी पाण्याने मान ओली करून पुन्हा आत जायची. एकदा सासूबाईंना माझे कानावर लावायचे आवाजरोधक डाळीच्या डब्यात सापडले. एकदा मी ठकीची दुपटी धुवायला म्हणून नेली आणि ओंडक्यावर वाळत घातली, कोरडीच. एकदा दूध उतू जात होतं आणि मी समोर उभी राहून ते बघत होते. मला ते दिसत होतं. ते थांबवायचं असतं, हे तेवढं लक्षात येत नव्हतं.

नवऱ्याचंही चुकायचं. त्याने शिकंजा न आवळता गाडा ढकलला आणि ओंडका लोळला, नशीब की पाय वाचला. तो रुळावर बसून कारण नसताना हसायचा. पण त्याची चूक कुणी धरली नाही. "तो लहानपणापासूनच धांदरट," सासूबाई म्हणाल्या. माझी चूक मात्र रोज नवी होती, कारण मी धांदरट म्हणून प्रसिद्ध नव्हते.

सासूबाई पोस्टात होत्या. चुकीचा पत्ता त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्या मला दिवसभर वाचायला लागल्या. मीही स्वतःला वाचत होतेच. रात्री ठकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, दाराची कडी पुन्हा पुन्हा बघायची, ही माझी सवय पहिल्यापासूनची. आता मला वाटायला लागलं, इतकं बघून बघूनच डोकं झिजलं असेल का?

मध्येच एका शाळेच्या मैदानात झाड पडलं, आणि आम्ही मशीन तिकडे नेलं. ठकी सासूबाईंकडे. दिवसभर उन्हात काम केलं. एकही फळी चुकली नाही. डोकं दुखलं नाही. येताना मी गाडीत गाणं म्हणत होते. घरी आल्यावर नवऱ्याने हे कौतुकाने सांगितलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

"म्हणजे घराबाहेर पडली की ही बरी," सासूबाई म्हणाल्या.

"तसं नाही, आई."

"मग कसं? मैदानात बरोबर, घरी चूक. घरात कोण आहे? मी आणि पोर."

नवरा मशीनवर ताडपत्री टाकायला उठला. मला तरी कुठे दुसरं कारण सुचत होतं? मला खरंच वाटलं, माझं मन या घरात रमत नसेल, आणि ते मला न सांगता असं बाहेर पडत असेल. दोन जागी निकाल वेगळे आले तर फरक शोधायचा, हे मी कॉलेजात शिकले होते. तेव्हा मात्र ते फक्त मला घाबरवायच्या कामी आलं.

डॉक्टरकडे गेलो. तिथे पोचेपर्यंत मला स्वच्छ वाटायला लागलं होतं, त्यामुळे सांगताना मलाच खोटं वाटत होतं. त्यांनी झोपेचं विचारलं, डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली, शक्तीच्या गोळ्या दिल्या. "नव्या आयांचं होतं असं. कुणीतरी मूल सांभाळा आणि यांना झोपू द्या."

हे वाक्य सासूबाईंनी उचललं. "ठकीला मी तुझ्या वन्संकडे घेऊन जाते. ही सावरेपर्यंत." वन्सं म्हणजे माझी नणंद, ती दूर राहते.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सावरेपर्यंत म्हटलं ना."

"आणि कोण ठरवणार सावरले ते?"

त्यांनी ठकीचे कपडे घडी करायला घेतले. नवऱ्याने माझ्याकडे बघून खांदे पाडले. रात्री तो म्हणाला, "दूध उतू जाताना बघत उभी होतीस गं. त्या जागी ती असती तर?" यावर मला राग यायला हवा होता. पण मी पण तेच विचारत होते.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी नवरा सुताराबरोबर कुठलंसं पडलेलं झाड बघायला गेला. मी ठरवलं, एक ओंडका अख्खा मी एकटीने कापायचा. सगळ्या फळ्या एकसारख्या. त्या फळ्या सासूबाईंच्या पुढ्यात मांडायच्या आणि म्हणायचं, बघा, ही डोकं फिरलेल्या बाईची फळी आहे का? मग ठकी कुठेही जाणार नाही. मला हा पुरावा अगदी बिनतोड वाटला.

छोटासाच ओंडका निवडला. शेजारी परीक्षेची शिकवणी होती, म्हणून दार लावून घेतलं. चुकू नये म्हणून खडूने खूण करायची ठरवली : हँडल फिरवलं की ओंडक्याच्या टोकाला एक रेघ, गाडा ढकलला की तिला आडवी फुली. इंजिन सुरू केलं. सालीकडची फळी निघाली. ओंडका उलटवला. पुन्हा. रेघ, फुली. रेघ, फुली. फळ्या सुंदर येत होत्या. मी पट्टी लावून बघत होते आणि मनात सासूबाईंशी भांडत होते, फार मुद्देसूद.

मग बघते तर टोकाला नुसत्या रेघा. पुष्कळ. अक्षर माझंच. यातली कुठली आत्ताची? आणि रेघ म्हणजे फिरवलं, की ढकललं? मी खडू हातात धरून त्या रेघा मोजायला लागले, मोजताना आकडे संपले. इंजिन कुठेतरी लांब, शेजारच्या गल्लीत चालू असल्यासारखं. पाय पाण्यात असल्यासारखे. मला एकच आठवलं, ठकीची पाजायची वेळ झाली. मी दाराकडे गेले. कडी उघडली हे आठवतं. त्यानंतर अंगणातली माती, तोंडाजवळ.

सासूबाईंनी मला काखेत हात घालून ओढलं होतं. मला वांती झाली. त्या पाठ चोळत होत्या आणि रागावत होत्या, "गोळ्या घेतल्यास का? रिकाम्या पोटी घेतल्यास ना?" आत इंजिन चालूच होतं.

"बंद करायचंय," मी म्हणाले.

"तू बस. मला येतं. लाल बटण ना?"

त्या आत गेल्या. मी भिंतीला टेकून बसले. उन्हात हळूहळू झाडाची पानं वेगवेगळी दिसायला लागली. इंजिन बंद होईना. बराच वेळ गेला असावा. मग सासूबाई दारातून बाहेर आल्या. हातात सालीचा एक तुकडा. तो त्यांनी माझ्यापुढे धरला आणि त्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

"मी आत कशाला गेले होते गं?"

पोस्टातल्या बाई. आयुष्यात काही न विसरलेल्या. आणि त्यांचा चेहरा, तो चेहरा मी ओळखत होते. रोज आरशात बघत होते तो मी.

माझं काही चुकत नव्हतं. त्या शेडमध्ये काहीतरी होतं. जो आत जाईल त्याला ते धरत होतं. आणि शेडची एक भिंत...

"आई, ठकी कुठेय?"

"झोपलीय," त्या सवयीने म्हणाल्या. "गुणी आहे."

मी पुढच्या दाराने धावले. पाळण्यात ठकी झोपली होती, गाल गुलाबी, ओठ जरा उघडे. मी उचललं. तिची मान माझ्या खांद्यावर पडली ती पडूनच राहिली. तळव्याला टिचक्या मारल्या. नावाने हाक मारली, त्या भारदस्त नावानेसुद्धा. तिला घेऊन रस्त्यावर आले आणि शिकवणीच्या बाईंच्या खिडकीखाली उभी राहून ओरडले. काय ओरडले माहीत नाही. बाई आणि मुलं बाहेर आली. मागे वळून बघते तर सासूबाई पुन्हा शेडच्या दाराकडे निघालेल्या.

"इंजिन चालू आहे ना," त्या म्हणाल्या.

"आई, आत पाय टाकायचा नाही! जळू दे पेट्रोल. इकडे या. इथे बसा."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्या लहान मुलीसारख्या आल्या आणि रस्त्याच्या कडेला बसल्या.

वाऱ्यात ठकीने आधी भुवई आकसली. मग तोंड वाकडं केलं. आणि मग ती रडली. इंजिनला लाजवील असं रडली. ज्या आवाजासाठी आम्ही इतक्या गाद्या शिवल्या, तो आवाज बंद होऊ नये म्हणून मी तिला चिमटे काढत होते, आणि शिकवणीच्या बाई डोळे पुसत म्हणत होत्या, "रडू दे, अजून रडू दे."

हॉस्पिटलात आम्हा तिघींनाही नळीने प्राणवायू दिला. नवरा धावत आला, त्यालाही लावला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, इंजिनच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. मोकळ्यावर तो उडून जातो, बंद जागेत साठतो, आणि माणूस आधी गोंधळतो, मग झोपतो. "बाळ इतकं झोपतंय याची काळजी नाही वाटली?" त्यांनी विचारलं. "गुणी झाली असं वाटलं," सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने एकेक गादी फाडली. अंगणात भुशाचा डोंगर झाला. पत्रे उतरवले. मशीन आता गाडीमागेच असतं आणि लोकांच्या अंगणात चालतं. ठकी पुन्हा दुपारी अजिबात झोपत नाही. सासूबाई तिला घेऊन येरझाऱ्या घालतात आणि म्हणतात, "आईवर गेलीय अगदी." कपडे परत कपाटात लावताना त्यांनी मला काही सांगितलं नाही. फक्त ठकीची टोपी घडी करून माझ्या हातात दिली.

मी जुन्या मालकाला फोन केला. का सांगितलं नाहीत, असं जरा जोरातच विचारलं.

"सांगितलं की, बाहेरचं जनावर म्हणून."

"पण का, ते?"

"ते मलाही माहीत नाही, वहिनी. एकदा पावसात दार लावून चालवलं, तर मी घरचा रस्ता विसरलो. दारातूनच. कुणाला सांगणार असलं?"

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण माझं मन अजून ठिकाणावर नाही, आणि त्याचं कारण गादीवाला आहे.

आम्ही हॉस्पिटलातून परत आलो तेव्हा त्याचं दुकान रिकामं होतं. भाड्याची जागा सोडून तो बायको-मुलासह दुसऱ्या गावी गेला होता. कुठल्या, ते कुणालाच नीट सांगता येईना. एक जण एक गाव सांगतो, दुसरा दुसरं. त्याचा फोन लागत नाही. आमच्या दोन गाद्या त्याने नमुना म्हणून आधीच नेल्या होत्या. नव्या जागी दुकानाच्या मागेच खोली आहे, तिथे जनरेटर ठेवून चारी बाजूंनी गाद्या लावणार, म्हणाला होता. खोलीत मूल झोपतं.

तुमच्या गावात एखादा नवा गादीवाला आला असेल. सतत बोलणारा, जाड भुवयांचा, बोलताना हाताने कापूस उडवल्यासारखं करणारा. आणि वीज गेल्यावरही त्याच्या दुकानात दिवा असेल, पण जनरेटरचा आवाज येत नसेल, तर जरा जाऊन बघा. दार वाजवा. आतून लवकर उत्तर आलं नाही तर उघडा, पण आत शिरू नका, त्यांना बाहेर बोलवा. मूल झोपलेलं असलं तर उठवा. रडलं तर रडू द्या. आणि त्याला सांगा, वहिनींनी गाद्या फाडायला सांगितल्यात.